दोन बाकं, चोवीस पत्रे: मैत्री आणि मानसिक आजारावरचं उघड्यावरचं मांडणीशिल्प कसं उभारावं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका कॉलेजचे पाच मित्रमैत्रिणी. त्यातल्या एकाला स्किझोफ्रेनिया (ज्यात प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात असा मानसिक आजार) आहे, उपचार नियमित चालू आहेत. या मैत्रीवर कॉलेजच्या आवारात १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एक मांडणीशिल्प उभं करायचंय. हाताशी दोनेक लाख रुपये आणि ओळखीचा एक फॅब्रिकेटर आहे. डोक्यातली कल्पना अशी की फायबरचं आठ फुटी दुभंगलेलं डोकं, त्यातून लोंबणारे दोर आणि साखळ्या, आत लपवलेल्या स्पीकरमधून कुजबुज. साहित्य, पाया, पाऊस, परवानगी, आणि हे लोकांना भिडेल का, असं सगळं विचारलंय.

आधी कल्पनेबद्दल बोलू, कारण ती बदलली की बाकीची मापंही बदलतात.

दुभंगलेलं डोकं बघून लोकांच्या मनात आजाराची भीती पक्की होते. मैत्री त्यात कुठेच दिसत नाही. लपवलेली कुजबुज तर नकोच. आवाज ऐकू येण्याचा अनुभव लोकांना कृत्रिमपणे दिला की सहानुभूती वाढते, पण अशा माणसापासून चार हात लांब राहावं ही इच्छाही वाढते, असं असे प्रयोग तपासणाऱ्यांना दिसलं आहे. आणि ज्याला खरोखर आवाज येतात तो तुमचा मित्र तिथून जाईल तेव्हा त्याच्यावर काय गुदरेल? स्पीकर दिसला नाही तर आवाज कुठला हे त्याला ठरवता येणार नाही. दोर आणि साखळ्यांबद्दल वाद घालण्यासारखं काही नाहीच. मानसिक आजाराविषयीच्या सार्वजनिक कामात लोंबतं, गाठ मारता येईल असं काहीही नको. वर चढून उभं राहता येईल अशी उंचीही नको. त्या जागी येणाऱ्यांत कुणीतरी अगदी कडेला आलेलं असू शकतं, असं धरूनच आराखडा करायचा.

मग काय दाखवायचं? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ साली मानसिक आजारांबद्दलच्या कलंकावर जो अहवाल दिला, त्याचा गाभा असा की हा कलंक कमी करायला सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो आजार अनुभवलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष सहवासाचा. म्हणजे शिल्पाने दोन माणसांना शेजारी बसवलं तर ते काम करतंय. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेमध्ये १४ आज्यांना घेऊन 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. दवाखान्यात खोली मिळेना म्हणून बाक बाहेर झाडाखाली टाकलं गेलं. त्याची चाचणी हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झाली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होता. हे नुसत्या लाकडी बाकाने झालं नाही. त्यावर शिकवून तयार केलेली आजी ठरल्या वेळी येऊन बसत होती. तुमच्या दोन लाखांतून उभं राहील ते अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तिथे येऊन बसणारी माणसं. त्याबद्दल पुढे.

मी सुचवतो तो आराखडा असा. प्रत्येकी दीड मीटर रुंदीच्या दोन उभ्या चौकटी, एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून जोडलेल्या. कोपऱ्यात एक खांब आणि दोन टोकांना दोन, असे तीन खांब. उंची जमिनीपासून २.१ मीटर. कोनाच्या आतल्या बाजूला प्रत्येक चौकटीपुढे १.२ मीटर लांबीचं एक बाक. समोरासमोर बसवलं की सतत डोळ्यात डोळे घालावे लागतात, आणि आजाराच्या वाईट दिवसांत तेच जड जातं. अगदी एका रेषेत शेजारी बसवलं तर बोलणाऱ्याला मान वळवावी लागते. १२० अंशांत दोघांची नजर समोर मोकळी राहते आणि थोडं वळलं की चेहरा दिसतो. शिवाय पायाच्या हिशेबात हा कोन फुकटात मजबुती देतो.

बाकाची उंची ४५ सेंटिमीटर, खोली ४२. मागे ८५ सेंटिमीटरपर्यंत टेकायला पक्की पाठ. बसायला लोखंडी पत्रा नको, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्यावर हात ठेववत नाही. काळा कडप्पाही तापतो. जुन्या सागवानाच्या २५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घ्या, दोन पट्ट्यांत ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवा आणि बसण्याला मागच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी थांबणार नाही. एका बाकाच्या मोकळ्या टोकाला ९० बाय १२० सेंटिमीटर सपाट जागा सोडा, व्हीलचेअर तिथे बरोबर बाकाच्या ओळीत लागते. तिथपर्यंतची वाट १.२ मीटर रुंद हवी, आणि चढ असेल तर १२ ला १ यापेक्षा तीव्र नको.

पाठीच्या वर, ९५ सेंटिमीटरपासून पुढे, प्रत्येक चौकटीत तीन उभ्या सळया आणि प्रत्येक सळईवर चार पत्रे. असे दोन्ही मिळून २४. पत्रा ४० बाय २५ सेंटिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. एकाचं वजन साधारण २.४ किलो. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याला असं काही करणाऱ्यांनी ३०४ घेऊ नये, खाऱ्या हवेत ३१६ लागतं. खालच्या ओळीतले सहा पत्रे पक्के, वरचे अठरा सळईभोवती फिरणारे. खांब आणि पत्रा, पत्रा आणि पत्रा यांत साडेपाच सेंटिमीटर अंतर येतं, ते तसंच ठेवा. बागेतल्या घसरगुंडी-झोपाळ्यांसारख्या खेळसाहित्यासाठी जे युरोपीय मानक वापरतात त्यानुसार ८ ते २५ मिलिमीटरच्या फटीत बोट अडकतं आणि ८९ ते २३० मिलिमीटरच्या फटीत मुलाचं डोकं. साडेपाच सेंटिमीटर या दोन्हींच्या बाहेर आहे. वरखाली दोन पत्र्यांमधली फट ३ सेंटिमीटर ठेवा. शोभेसाठी हे आकडे हलवू नका.

आता पाया. पुण्यात वाऱ्याचा मूलभूत वेग ताशी नव्हे, सेकंदाला ३९ मीटर धरतात (भारतीय मानक ८७५, भाग ३). मुंबई-नागपूरला ४४. त्यावरून दाब निघतो एका चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९३ किलो. पत्रे फिरते आहेत म्हणून वारा निघून जाईल, असा हिशेब करू नका. एक बुश (पत्र्यामागची, सळईभोवती फिरणारी नळी) अडकला की तो पत्रा भिंतच होतो. पत्रे, पाइप आणि पाठ धरून ३ चौरस मीटर घ्या, त्यावर आकाराचा गुणक (आकारानुसार वाऱ्याचा धक्का किती वाढतो ते) १.३. म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर आडवा धक्का, जमिनीपासून सुमारे १.४ मीटर उंचीवर. याला उत्तर म्हणून तीन पाये, प्रत्येक ७५ बाय ७५ सेंटिमीटर आणि ६० खोल, म्हणजे मिळून एक घनमीटर काँक्रीट, वजन २४०० किलो. तिन्ही पाये २० बाय ३० सेंटिमीटरच्या पट्टीने एकमेकांना बांधा. मग कोनामुळे तळ दीड मीटर रुंद होतो आणि उलटण्याविरुद्ध दुपटीच्या आसपास सुरक्षितता मिळते. चौकट सरळ रेषेत ठेवली असती तर एवढ्याच काँक्रीटमध्ये ती बरीच खाली आली असती. हा हिशेब इमारतींच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, सही घेऊनच पुढे जा. कॉलेज ती मागेलच.

खड्डा काढल्यावर काळी माती लागली तर थांबा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला पाया दोन वर्षांत तिरका होतो. मुरूम लागेपर्यंत खाली जा. तो फार खाली असेल तर मीटर-सव्वा मीटर खणून, १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत मुरूम टाकत, पाणी मारत, धुम्मस करत वर या. त्यावर १० सेंटिमीटर पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट), मग एम-२० प्रतीचं काँक्रीट. जाळीला १० मिलिमीटरची सळई, १५ सेंटिमीटर अंतराने दोन्ही दिशांना, आणि खालून ५ सेंटिमीटर कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर. पीसीसी धरून सिमेंटच्या साधारण अकरा गोण्या लागतात. १० ऑक्टोबर गाठायचा तर पाया उशिरात उशिरा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरला पाहिजे, म्हणजे ऐन पावसात. खड्ड्यात साचलेलं पाणी उपसल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका, वर ताडपत्री तयार ठेवा, आणि 'पाऊस आहेच की' म्हणून पाणी मारायचं टाळू नका. मधे चार दिवस ऊन पडतंच. सात दिवस तरी ओलं राहिलं पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फाउंडेशन बोल्टमध्ये. एका खांबाला १६ मिलिमीटरचे चार बोल्ट, ४५ सेंटिमीटर लांब. काँक्रीट ओतताना ते हलतात, आणि मग बेसप्लेटची (खांबाच्या तळाच्या जाड पत्र्याची) भोकं जुळत नाहीत. मग कुणीतरी गॅसने भोकं मोठी करतो आणि गॅल्वनायझिंग जाळून टाकतो. हे टाळायला प्लायवूडचा टेम्प्लेट करा, बेसप्लेटवरूनच भोकं मारा, आणि तिन्ही टेम्प्लेट एका लांब पट्टीला ठोकून १२० अंशांचा कोन जमिनीवरच पक्का करा. पायाचा माथा जमिनीपासून ५ सेंटिमीटर वर, चारी बाजूंना उतरता. बेसप्लेटखाली पाणी साचलं तर खांब तिथूनच कुजतो.

चौकटीचा पाइप ७६ मिलिमीटर व्यासाचा, ३.२ जाडीचा माइल्ड स्टील, वर हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं आधी, गॅल्वनायझिंग नंतर. नंतर मारलेल्या प्रत्येक टाक्यावर पहिल्याच पावसात गंज येतो. पाइपच्या प्रत्येक बंद जोडाला वर आणि खाली १० ते १२ मिलिमीटरचं भोक ठेवायला फॅब्रिकेटरला लेखी सांगा. जस्ताची टाकी साडेचारशे अंशांच्या आसपास असते. बंद पाइपात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन पाइप फुटतो, टाकीवरच्या कामगाराच्या जिवावर बेततं. चांगला गॅल्वनायझर असं काम परत पाठवतो, आणि तुमचा आठवडा जातो. दोन्ही चौकटी वेगवेगळ्या नेऊन नंतर कोपऱ्याच्या खांबाला बोल्टने जोडल्या की टाकीत सहज बसतात. जस्ताचा थर ६५ ते ८५ मायक्रॉन मिळायला हवा, मोजून घ्या. रंग द्यायचाच असेल तर आधी जस्तासाठीचा प्रायमर, मग पॉलियुरेथेन. साधा ऑइलपेंट थेट लावला तर वर्षभरात सालासारखा सुटतो.

स्टेनलेस पत्रा आणि गॅल्वनाइज्ड पाइप एकमेकांना थेट टेकू देऊ नका, मधे नायलॉनचे वॉशर हवेत. नाहीतर ओल्यात जस्त झिजत जातं. फिरत्या पत्र्याच्या मागे नळीचा बुश, आत १६ मिलिमीटरची स्टेनलेस सळई, वरखाली काळ्या नायलॉनचे वॉशर. पांढरं नायलॉन उन्हात ठिसूळ होतं. वॉशर थोडे घट्टच ठेवा. हाताने ढकललं तर पत्रा फिरावा, वाऱ्याने फडफडू नये. रात्रभर खडखडणारा पत्रा शेजारचे लोक महिन्याभरात काढायला लावतील. आणि कारखान्यात एक गोष्ट स्वतः उभं राहून पाहा: लोखंड कापलेल्या चकतीने स्टेनलेस घासत नाहीत ना. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि 'स्टेनलेसला गंज कसा' असं म्हणत सगळे एकमेकांकडे बघतात.

अक्षरांवर वेळ घालवा, कारण देवनागरी लेसरने कापायला देताना हमखास गोंधळ होतो. पत्रा आरपार कापायचा असेल तर व, ब, घ, ध, भ, म यांच्या पोटातला बंद तुकडा खाली गळून पडतो आणि अक्षराच्या जागी भोक उरतं. त्यामुळे प्रत्येक बंद पोटाला पत्र्याशी जोडणारा पूल ठेवावा लागतो, किमान ४ मिलिमीटर रुंद. दुसरी अडचण शिरोरेघेची. सलग कापली तर शब्दाच्या रुंदीची लांब फट पडते आणि वरची पट्टी लवते. म्हणून शिरोरेघ दर अक्षराला तोडा. कापाची रुंदी पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको. फाइल पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेषांची आकृती उरते. नाहीतर कारखान्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. कागदावर खऱ्या मापाची छपाई काढून, पाचापैकी ज्याने ती वाक्यं टाइप केलेली नाहीत अशा कुणाकडून वाचून घ्या.

आरपार कापलेला मजकूर मागून उलटा दिसतो, त्यामुळे फिरत्या पत्र्यांवर तो चालत नाही. त्या अठरांवर दोन्ही बाजूंना एचिंग करून (रसायनाने अक्षरं कोरून) गडद रंग भरा. अक्षराची उंची २५ ते ३० मिलिमीटर, ओळी तीन, त्याहून जास्त नकोत.

खालचे सहा पक्के पत्रे मात्र आरपार कापा, आणि तिथे उन्हाचा उपयोग करून घ्या. चौकटींची पाठ पश्चिमेला आणि बाकं पूर्वेला तोंड करून ठेवा. संध्याकाळी बसणाऱ्याच्या डोळ्यात ऊन येत नाही, आणि कापलेल्या अक्षरांतून ऊन त्याच्या पुढ्यात जमिनीवर पडतं. त्यासाठी अक्षरं मागच्या, पश्चिमेच्या बाजूने सुलट वाचता येतील अशी कापायची. मग बाकावरून समोर पाहणाऱ्याला जमिनीवरचा शब्द सुलट वाचता येतो. बाकाच्या बाजूने सुलट कापली तर जमिनीवर आरशातलं अक्षर पडतं, आणि तोवर पत्रा कापून झालेला असतो. १० ऑक्टोबरच्या सुमारास पुण्यात दुपारी चारला सूर्य ३० अंशांवर असतो. खालच्या ओळीचा उजेड दोनेक मीटर प्रवास करून जमिनीला लागतो. सूर्य हा ठिपका नाही, त्यामुळे दर मीटरमागे कडा साधारण एक सेंटिमीटर धूसर होते. म्हणजे इथे दोन सेंटिमीटर. तीन मिलिमीटरची नाजूक रेघ जमिनीवर उरतच नाही. सावलीसाठी रेघेची जाडी २५ मिलिमीटर तरी हवी, आणि एका पत्र्यावर दोन-तीन अक्षरांचा एकच शब्द. चारच्या उन्हात अक्षर उभं पावणेदोन पट ताणलं जातं, त्यामुळे पत्र्यावर ते मुद्दाम बसकं काढा. चौकट तिरकी असल्यामुळे थोडं कललेलंही दिसेल, ते वाचायला आड येत नाही. शब्द बाहेरच्या टोकांच्या पत्र्यांवर ठेवा. मधल्या पत्र्यांपुढे बसलेल्याचं डोकं येतं. कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना काठीला बांधून, त्याच जागी, चार वाजता धरून पाहा. 'बस', 'ये ना', 'थांबतो' असे शब्द त्यात बसतात.

वरच्या अठरा पत्र्यांवर छत्तीस वाक्यं. या कामाचा जीव इथे आहे. एका बाजूला मित्राने म्हटलेलं, दुसऱ्या बाजूला ज्याला आजार आहे त्याने म्हटलेलं. निम्मी जागा त्याची असलीच पाहिजे. सगळी वाक्यं मित्रांचीच असली की ती मदत होते, मैत्री राहत नाही. ज्याला आजार आहे तोही तुमच्या अडीअडचणीला उभा राहिलेला असतो. 'तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला रात्रभर मी होतो ना' असं एक वाक्य पत्र्यावर आलं की वाचणाऱ्याच्या मनातलं चित्र बदलतं. मित्रांच्या बाजूला उपदेश नको. 'हिंमत ठेव', 'चांगले विचार कर', 'तू लढवय्या आहेस' ही वाक्यं काढून टाका, कारण त्यांतून बरं न होण्याचा दोष आजारी माणसावर जातो. रोजचं बोलणं घ्या: 'फोन उचलू नकोस, मेसेज वाचलास तरी चालेल.' 'ओपीडीत नंबर कितवा? मी खाली चहाच्या टपरीवर आहे.' 'तो आवाज मला येत नाही. तुला येतो, त्रास होतो, हे कळतंय.' 'गप्प बसू. मला घाई नाही.' आणि दुसऱ्या बाजूने: 'गोळ्यांनी झोप येते, कंटाळा नाही आला तुमचा.' 'सगळ्यांसमोर विचारू नका.' हे नमुने आहेत, तुमची वाक्यं तुमच्या जुन्या चॅटमध्ये सापडतील. नावं, तारखा, गोळ्यांची नावं, हॉस्पिटलचं नाव, यातलं काही नको. आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख, त्याची पद्धत, जागा, हे तर कुठल्याच रूपात नको.

संमतीचं सांगायलाच हवं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधल्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मित्रांना कायद्याचा धाक दाखवण्याचा हा मुद्दा नाही. पण पत्रकार येतील, 'यातला पेशंट कोण?' विचारतील, त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. मित्राला तीनदा विचारा: वाक्यं निवडताना, खऱ्या मापाची छपाई झाल्यावर, आणि पत्रे लावायच्या आधी. तो बरा असताना आणि घाई नसताना विचारा. आणि संमती पुढे कधीही मागे घेता आली पाहिजे, म्हणून प्रत्येक पत्रा सुटा निघेल असा जोडा. सळईचं वरचं टोक चोराला न उघडता येणाऱ्या बोल्टने बंद करा, त्याची किल्ली त्या मित्राकडे एक आणि कॉलेजकडे एक. चार पत्रे कोरे जास्तीचे करून ठेवा. वर्षाने एखादं वाक्य त्याला नकोसं झालं तर अर्ध्या तासात ते बदलता यायला हवं.

लोकांना लिहायला फळा ठेवावा का, हे हमखास विचारलं जातं. कलाकार कँडी चँग यांनी २०११ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये एका पडक्या घराच्या भिंतीवर फळ्याचा रंग लावून, 'मरण्याआधी मला...' अशा अर्थाचं अर्धवट वाक्य छापून लोकांना खडूने ते पुरं करायला दिलं. स्वतःच्या जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या दुःखातून ते काम आलं होतं, आणि तशा भिंती पुढे जगभर झाल्या. तुमच्या जागी मात्र मी फळा ठेवणार नाही. इथे कुणी रात्री आपल्या जिवाबद्दल काही लिहून गेलं आणि ते सोमवारी सकाळपर्यंत कुणी वाचलंच नाही, तर? रोज दोनदा वाचणारा, आणि वाचून काय करायचं हे शिकलेला माणूस नेमता येत असेल तरच तो विचार करा.

त्याऐवजी माणसं बसवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाच ते सात, दोघे दोघे. आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडून अर्ध्या दिवसाचं शिक्षण: ऐकायचं कसं, सल्ला कधी द्यायचा नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं कसं ओळखायचं. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर सरळ, शांतपणे विचारायचं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना किंवा कॉलेजच्या समुपदेशकाला बोलवायचं, आणि १४४१६ लावायचा. हा टेलिमानसचा सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. दोन्ही क्रमांक बाकांच्या पाठीवर, बसल्या जागेवरून दिसतील असे, ३० मिलिमीटर उंचीत कोरून घ्या. स्टिकर उन्हात उडतो.

परवानगीचं लवकर उरकतं. खासगी आवारात संस्थेचं पत्र, इंजिनिअरची सही, आणि पाच वर्षांनी काय हे लिहिलेला करार. महापालिकेच्या बागेत करायचं तर उद्यान विभाग. अर्जात 'बसण्याची व्यवस्था आणि मांडणीशिल्प' असं लिहा. ओळखू येईल अशा व्यक्तीचा पुतळा म्हटलं की महाराष्ट्रात प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं. झाडाच्या बुंध्यापासून लांब खणा, जाड मूळ लागलं तर पाया सरकवा, मूळ तोडू नका.

पैशांची वाटणी: पाया आणि जमिनीचं काम पाचवा हिस्सा, चौकट आणि गॅल्वनायझिंग तिसरा हिस्सा, पत्रे-लेसर-एचिंग चौथा हिस्सा, लाकूड आणि बाकी किरकोळ दहावा. साधारण दहा टक्के आजच वेगळे काढून ठेवा, देखभालीसाठी. वर्गणी काढणाऱ्यांचा उत्साह उद्घाटनानंतर ओसरतो.

देखभाल अशी. मे अखेरीस लाकडाला तेल, सगळे बोल्ट घट्ट, पाइपच्या उघड्या भोकांना जाळी आहे ना ते पाहणं, नाहीतर गांधीलमाश्या पोळं करतात आणि जागा दोन महिने बंद पडते. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी फरशीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने काढणं. फरशी पहिल्यापासून खराट्याने खरखरीत केलेली असली तर हे काम निम्मं होतं. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक पत्रा फिरवून पाहणं, घासणारे वॉशर बदलणं, आणि दोन्ही फोन क्रमांक स्वतः लावून ते चालू आहेत याची खात्री करणं. क्रमांक कधी बदललाच तर त्याच दिवशी पाटी बदला, पत्रा कोरून येईपर्यंत छापील कागद लॅमिनेट करून लावा.